ठासणीची बंदूक : पावसाळ्यात गंजू नये, साफ करताना जीव जाऊ नये यासाठी संपूर्ण माहिती

सिंधुदुर्ग : भात पोटरीला आलं, नाचणी कणसात आली की रानडुकरं उतरतात. काजू-केळीच्या बागेत माकडं आणि गवे वर्षभर असतातच. शेती संरक्षणासाठी आपल्या जिल्ह्यात अनेक घरांत परवान्याची बंदूक आहे आणि त्यातल्या बऱ्याच ठासणीच्या आहेत. काहींच्या घरात ती आजोबांपासून चालत आलेली आहे. पण ती साफ कशी करायची, कुठलं तेल लावायचं, पावसात कुठे ठेवायची हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. एकाचं बघून दुसरा करतो आणि त्यात चुकीच्या सवयीही तशाच पुढे जातात. रॉकेल ओतून बंदूक कोपऱ्यात उभी केली की झालं, असं समजणारे गावोगाव आहेत. अशी बंदूक वरून चकचकीत दिसते, पण नळी आतून खात जाते. एक दिवस ती बार घेत नाही किंवा त्याहून वाईट म्हणजे हातात फुटते.

म्हणून ही माहिती सोप्या भाषेत एकत्र दिली आहे. ती फक्त परवानाधारकांसाठी आहे.

काळी दारू नळी का खाते?

ठासणीच्या बंदुकीत वापरतात ती काळी दारू सोरा, कोळसा आणि गंधक यांची असते. बार उडाला की ती सगळी जळून धूर होते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त वजनाचा भाग घन रूपात उरतो. त्यातला थोडा धुरातून बाहेर जातो, बाकीचा नळीला आतून चिकटतो. तोच तो काळा चिकट मळ. हा मळ म्हणजे नुसती काजळी नाही, त्यात मुख्यतः पोटॅशियमचे क्षार असतात.

श्रावणात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते सगळ्यांनी पाहिलंय. नळीतल्या या क्षारांचं तसंच होतं. ते हवेतली ओल ओढून घेतात आणि ओलं मीठ लोखंडाला लावून ठेवल्यासारखी नळी गंजू लागते. आपल्याकडे वर्षाला सरासरी ३ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि किनारपट्टीला खारा वारा. घाटावरच्या कोरड्या गावात जो गंज चढायला काही दिवस लागतील तो इथे एका रात्रीत दिसू लागतो.

आता मुख्य गोष्ट. मीठ पाण्यात विरघळतं, तेलात नाही. रॉकेल, डिझेल, इंजिन ऑइल काहीही ओतलं तरी क्षार जागेवरच राहतात. उलट खनिज तेल आणि हा मळ एकत्र आले की डांबरासारखा थर बसतो आणि त्याच्या खाली गंज चालू राहतो. त्यामुळे क्रम एकच : आधी पाणी, मग कोरडं, मग तेल. ‘बंदुकीला पाणी लावू नये’ हा समज ठासणीच्या नळीपुरता तरी मनातून काढून टाका.

सर्वांत आधी : बंदूक भरलेली आहे का?

काडतुसाची बंदूक मोडून आत बघता येतं. ठासणीची नळी मागून बंद असते, आत काय आहे ते दिसत नाही. दारू आणि छर्रे ठासून ठेवलेला बार महिनोन् महिने आत राहू शकतो आणि कोरडा असेल तर तेवढ्याच जोरात उडतो. बंदूक साफ करताना बार उडून माणूस जखमी झाला किंवा गेला, अशा बातम्या अधूनमधून येतात. ‘रिकामीच होती’ हे वाक्य त्यात बहुतेक वेळा असतं. म्हणून आठवणीवर विसंबू नका, मोजून बघा :

१. निपलवर टोपी (काही गावांत केप म्हणतात) असेल तर आधी ती काढा. नळीचं तोंड माणूस, गुरं, घर यांच्यापासून लांब ठेवा.

२. ठासणीचा गज नळीत हळूच सोडा, आपटू नका. चेहरा आणि तळहात नळीच्या तोंडासमोर आणू नका, गज बाजूने दोन बोटांत धरा.

३. गज तळाला टेकला की नळीच्या तोंडाशी गजावर खूण करा.

४. गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून तसाच धरा. खूण नळीच्या तोंडाशी लावल्यावर गजाचं टोक निपलच्या जवळपास पोहोचलं पाहिजे. ते दोन-तीन इंच आधीच थांबलं तर आत काहीतरी आहे.

नळी नक्की रिकामी असताना गजावर कायमची एक खाच करून ठेवा. पुढे एका नजरेत कळतं. घरातल्या परवानाधारकाला ही खूण माहीत हवीच.

भरलेली निघाली तर? बार स्वतःच, नुकताच भरलेला असेल तर परवान्यातल्या आपल्याच शेतात, मऊ मातीच्या बांधात, मागे-पुढे कोणी नाही हे पाहून तो मोकळा करणं ही नेहमीची पद्धत. पण बार जुना आहे, कोणी भरला, किती भरला माहीत नाही, तर तो उडवू नका. लोखंडी सळईने उकरूही नका. टोपी काढून नळीच्या तोंडातून पाणी ओतून ठेवता येतं, पण काथ्या किंवा चिंधीच्या ठासणीतून पाणी खाली झिरपलं की नाही हे दिसत नाही. शिवाय भिजलेली दारू वाळली की परत पेट घेऊ शकते. म्हणून तोपर्यंत ती बंदूक भरलेलीच समजायची. परवाना असलेल्या बंदूक दुरुस्ती कारागिराला फोन करा किंवा पोलीस ठाण्याला कळवून पुढचं ठरवा. भरलेली बंदूक दुचाकीवर किंवा एसटीत घालून नेऊ नका.

सामान काय लागेल?

• दोन बादल्या गरम पाणी. हाताला चटका बसेल इतपत गरम पुरे. खळखळ उकळतं पाणी घातलं तर नळी सुकता सुकताच आत तांबूस गंज धरतो.
• भांडी घासायचा साबण किंवा लिक्विड.
• जुनं सुती धोतर किंवा लुंगी, तळहाताएवढ्या चिंध्या करून. नायलॉन-टेरिकॉट नको, ते पाणी शोषत नाही.
• साफ करायचा गज, ज्याच्या टोकाला चिंधी घट्ट बसेल.
• निपलचा पाना. पक्कड वापरू नका, निपलचे कोन झिजतात.
• जुना टूथब्रश आणि निपलच्या भोकातून जाईल अशी बारीक तांब्याची तार.
• शिलाई मशीनचं तेल किंवा बंदुकीचं तेल आणि थोडं ग्रीस.

दारूचा डबा, टोप्या आणि छर्रे त्या खोलीतसुद्धा नकोत. विडी-सिगारेट नको. पाणी चुलीवर तापवून साफसफाई बाहेर पडवीत किंवा अंगणात करा. मुलांना लांब ठेवा.

साफसफाई : टप्प्याटप्प्याने

बार उडवला त्याच दिवशी, झोपण्याआधी साफ करायचं. ‘उद्या करू’ ही सवयच नळीचा जीव घेते. एकच बार उडवला असला तरी पूर्ण साफ करायची. नुसती टोपी फोडली असेल तरी निपल आणि त्याच्या भोवतीचा भाग धुवायचा, कारण टोपीच्या मसाल्याचा मळही गंज आणतो.

टप्पा १ – निपल काढा. घोडा मागे घेऊन अर्ध्या खाचेवर ठेवा. पान्याने निपल सोडवा आणि साबणाच्या पाण्यात टाका. ती निघत नसेल तर जोर लावून तोडू नका. तेलाचा थेंब सोडून रात्रभर थांबा. तरीही नाही निघाली तर कारागिराकडे द्या.

टप्पा २ – नळी धुवा. काही बंदुकांची नळी पाचर काढली की दस्त्यापासून सुटते. तशी असेल तर नळीचं बूड बादलीत ठेवा आणि ओली चिंधी लावलेला गज पंपासारखा वर-खाली करा. निपलच्या भोकातून पाणी आत-बाहेर होतं आणि तळाचा मळ सुटतो. खराब मळ तिथेच असतो.

आपल्याकडच्या बऱ्याच बंदुकांची नळी पट्ट्यांनी किंवा खिळ्यांनी दस्त्याला पक्की बसवलेली असते. ती दर वेळी सोडवू नका, लाकूड सैल होतं. निपलच्या भोकात बांबूची छोटी काडी घट्ट बसवा, लॉकभोवती सुकं फडकं गुंडाळा, नळीच्या तोंडातून साबणाचं गरम पाणी भरा. अंगठ्याने तोंड दाबून हलवा, ओता. असं तीन-चार वेळा. मग ओली चिंधी गजाने फिरवा आणि काडी काढून भोक तारेने मोकळं करा. काडी आत तुटून राहिलेली नाही हे नीट बघा.

धुताना कुजलेल्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका. मळातल्या गंधकाच्या क्षारांवर पाणी पडलं की तो वास येतो. वास थांबेपर्यंत आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवत राहा. हे पाणी विहिरीजवळ, गुरांच्या दोणीजवळ ओतू नका, कारण त्यात छर्‍यांचं शिसंही असतं.

टप्पा ३ – साध्या गरम पाण्याने विसळा. साबण आत राहता कामा नये. गरम पाण्याने नळी तापते आणि लवकर सुकते.

टप्पा ४ – कोरडी करा. लगेच सुक्या चिंध्या एकामागून एक फिरवा. चिंधी जशी गेली तशीच कोरडी, पांढरी बाहेर आली पाहिजे. मग दहा-पंधरा मिनिटं नळीचं तोंड खाली करून भिंतीला टेकवून ठेवा आणि परत एक सुकी चिंधी फिरवा.

टप्पा ५ – तेल. नळी कोमट असतानाच तेलाची चिंधी आतून फिरवा. तेल ठिबकेल इतकं नको, पातळ थर पुरे. बाहेरूनही पुसा. हाताचा घामही खारटच असतो, म्हणून शेवटचा हात तेलाच्या फडक्याचा.

टप्पा ६ – निपल आणि घोडा. निपल ब्रशने घासा, भोकात तार घाला, उजेडाकडे धरून आरपार दिसतं का बघा. सुकवून आट्यांना किंचित ग्रीस लावून बसवा. हाताने बसेल तेवढी फिरवून मग पान्याने थोडी आवळा. घोड्याच्या तोंडातला मळ ओल्या ब्रशने काढून पुसा. घोडा आणि चापाच्या सांध्यात तेलाचा एकेक थेंब.

लॉक, म्हणजे घोडा चालवणारी आतली कळ, दर वेळी उघडायची गरज नाही. वर्षातून दोनदा, मिरगाच्या आधी आणि दिवाळीनंतर, उघडून पुसली आणि तेल दिलं की पुरतं. उघडायचं नीट जमत नसेल तर कारागिराकडून करून घ्या. आतली स्प्रिंग उसळून डोळ्याला लागू शकते.

टप्पा ७ – दुसऱ्या दिवशी परत बघा. ही पायरी बहुतेक जण सोडतात. एक सुकी चिंधी फिरवा. ती तांबूस आली तर क्षार आत राहिलेत. परत पाण्यापासून सुरुवात. स्वच्छ आली तर परत तेल लावा आणि आठवड्याने आणखी एकदा तपासा.

कुठलं तेल चालतं, कुठलं नाही?

• रॉकेल, डिझेल : क्षार काढत नाही. रॉकेल उडून जातं, मागे संरक्षण राहत नाही.
• खोबरेल : पूर्वी बरेच जण लावत. तात्पुरतं चालतं, पण थंडीच्या पहाटे थिजतं आणि जुनं झालं की चिकट होतं. लॉकमध्ये अजिबात नको, घोडा जड होतो.
• जळकं इंजिन ऑइल : नको. त्यात काजळी आणि आम्ल असतं.
• शिलाई मशीनचं तेल, बंदुकीचं तेल : योग्य, पण नळी धुऊन कोरडी झाल्यावरच.
• जवसाचं तेल : फक्त लाकडी दस्त्यासाठी. वर्षातून एकदा पातळ हात फिरवला तर लाकूड ओल कमी धरतं. तेलाची फडकी चुरगळून ठेवू नका, जवसाच्या तेलाचं फडकं आपोआप तापून पेटू शकतं. पसरून वाळवा.

पावसाळ्यात कुठे ठेवायची?

मातीच्या भिंतीला किंवा जमिनीला टेकवून नको. रेक्झिन किंवा कापडी पिशवीत महिनोन् महिने नको, पिशवी ओल धरते. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली तर आतली वाफ आतच राहते. कुलुपाच्या लोखंडी कपाटात, नळीचं तोंड खाली करून ठेवलेली चांगली. तोंड वर असेल तर तेल ओघळून निपलमध्ये जमतं आणि ऐन वेळी टोपी फुटते पण बार उडत नाही. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी बाहेर काढून पुसा.

नळीच्या तोंडात चिंधी किंवा बूच कोंबून ठेवायची सवय सोडा. आत ओल कोंडते आणि विसरून बार उडवला तर नळी फुटते. उघड्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते, हेही लक्षात ठेवा. बाहेरून काही दिसत नाही आणि आत मातीची गोळी बसलेली असते. म्हणून वापरायच्या आधी गज घालून बघणं आलंच.

दारू आणि टोप्या वेगवेगळ्या, कोरड्या जागी, चुलीपासून लांब, कुलुपात. ओली होऊन गोळा झालेली दारू तव्यावर, चुलीशेजारी किंवा गाडीच्या बोनेटवर सुकवू नका. ती पाण्यात बुडवा आणि नवीन घ्या.

वापरायच्या आधी

१. गजाने मोजून नळी रिकामी आणि मोकळी असल्याची खात्री करा.

२. सुकी चिंधी फिरवून तेल काढा. तेलाने दारू भिजते.

३. रिकाम्या बंदुकीवर नुसती टोपी लावून नळीचं तोंड जमिनीवरच्या सुक्या पातेऱ्याजवळ धरून फोडा. पातेरा हलला तर वाट मोकळी आहे.

४. टोपी फुटली आणि बार उडाला नाही तर बंदूक खाली घेऊ नका. आत दारू धुमसत असू शकते. किमान एक मिनिट तोंड सुरक्षित दिशेलाच ठेवा, मग टोपी काढा.

५. एका बारानंतर लगेच दुसरा भरू नका. आत निखारा राहतो. आधी ओलसर चिंधी, मग सुकी चिंधी. दारू डब्यातून थेट नळीत ओतू नका, मापाने घाला. डबा हातात पेट घेऊ शकतो.

६. काडतूस फोडून काढलेली दारू किंवा फटाक्याची दारू कधीही भरू नका. काडतुसातली बिनधुराची दारू वेगळी असते. तिचा दाब ठासणीची नळी सोसत नाही.

बंदूक कधी वापरू नये?

नळीला फुगवटा, चीर किंवा आतून खोल खड्डे दिसले, निपल आट्यांत हलू लागली, घोडा अर्ध्या खाचेवर थांबत नसेल, तर वापर बंद. सैल निपल बाराबरोबर उडून डोळ्यात जाते. गावातल्या लोहाराकडे वेल्डिंग करून घेऊ नका. एक तर उष्णतेने नळी कमजोर होते आणि दुसरं म्हणजे बंदूक दुरुस्त करायला कायद्याने परवाना लागतो. नळी कापून आखूड करणं हाही गुन्हा आहे.

कागदपत्रं आणि कायदा, थोडक्यात

• शस्त्र कायदा १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ३ ऐवजी ५ वर्षं झाली आहे. आपल्या परवान्यावरची तारीख आजच बघा.

• दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी बंदूक दुसऱ्या कोणाच्या हाती पाठवायची असेल तर परवानाधारकाचं लेखी अधिकारपत्र सोबत हवं.

• परवानाधारक वारला की ती बंदूक माळ्यावर ठेवून चालत नाही. विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने आपल्या नावाने अर्ज करायचा. ‘वडिलांची होती’ हे उत्तर कायद्यात बसत नाही.

• बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ प्रमाणे वन विभागाची परवानगी घेतल्याशिवाय रानडुक्करही मारता येत नाही. पिकाच्या नुकसानीचा अर्ज वन विभागाकडे वेळेत करा.

निवडणुकीत बंदूक जमा करताना

आचारसंहिता लागली की बंदूक जमा करायचा आदेश येऊ शकतो. ‘चांगली दिली होती, लाल होऊन परत आली’ ही तक्रार दर निवडणुकीनंतर ऐकू येते. ठाण्यात शेकडो बंदुका एकत्र असतात, तिथे आपली कोणी पुसून ठेवणार नाही. म्हणून देण्याआधी पूर्ण धुऊन, सुकवून, नळीला आतून नेहमीपेक्षा थोडा जाड तेलाचा हात द्या, निपल आणि घोड्यावर ग्रीस लावा. नळी रिकामी असल्याची खात्री करून घ्या. नंबर लिहिलेली पावती घ्या आणि बंदुकीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. परत मिळाली की त्याच दिवशी गज घालून मोजा, सुकी चिंधी फिरवून बघा, लागलं तर पाण्यापासून साफ करा. निवडणूक संपली तरी बंदूक मिळाली नसेल तर पावतीच्या झेरॉक्ससह लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. डुकरं निकालाची वाट बघत नाहीत.